हंगामाचा हिशेब

दोस्तांनो, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 'हंगाम' म्हटलं की पहिल्यांदा कापूसच आठवतो. जूनमध्ये पाऊस पडला की पेरणी. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी, मग दुसरी, मग तिसरी. उन्हाळा तोंडावर आला की शेतात नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या दिसतात. मग एखाद्या संध्याकाळी घरातली मोठी माणसं वही काढून बसतात. बियाणं कितीचं आणलं, खताला किती गेले, निंदणीची मजुरी किती, आणि कापूस झाला किती क्विंटल? हिशेब चांगला निघो की वाईट, तो मांडावाच लागतो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरायचं असतं ना!

खेळालाही असाच हंगाम असतो. तो जितका खेळणाऱ्यांचा, तितकाच बघणाऱ्यांचाही. तुम्ही म्हणाल, "बघणाऱ्यांना कसला आलाय हिशेब? जिंकलो तर नाचायचं, हरलो तर घरी जायचं." मलाही अगदी असंच वाटायचं. पण कॉलेजात असताना मला मुनीम भेटला, आणि माझं मत बदललं.

मैदानाबाहेरचे अकरा

ही गोष्ट १९९० नंतरच्या काही वर्षांतली. आमच्या कॉलेजाचा हॉकीचा संघ होता. क्रिकेटच्या सामन्याला मैदानाभोवती पोरांची गर्दी असायची, कबड्डीला तर पाय ठेवायला जागा नसायची. हॉकीला मात्र आम्ही मोजून दहा-अकरा जण. लोक गमतीनं म्हणायचे, "मैदानात अकरा आणि मैदानाबाहेरही अकरा!"

मैदान मुरमाचं. चेंडू सरळ येता येता मध्येच खड्यावर आपटून उसळायचा. हॉकीची काठी मोडली तर तिला चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा खेळायचं. गुडघे तर प्रत्येकाचेच सोललेले. पण त्या ठक्-ठक् आवाजाची आम्हाला गोडी लागली होती.

आमच्यातल्या एकाचे वडील जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. पोरगाही तसाच. सामना सुरू झाला की हा खिशातून छोटी वही काढायचा. आपण ओरडतोय, उड्या मारतोय, आणि हा आपला रेघा ओढतोय! म्हणून त्याचं नावच पडलं मुनीम.

त्या वर्षी आमचा संघ उपांत्य फेरीत पोचला. सामना अमरावतीला. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम या भागातली कॉलेजं तेव्हापासून अमरावती विद्यापीठात येतात. आज त्याचं नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ असं आहे. पहाटेच्या एसटीनं, नेरच्या रस्त्यानं, आम्ही अकराच्या अकरा निघालो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

सामना तेव्हा सत्तर मिनिटांचा असायचा. पस्तीस मिनिटं, विश्रांती, पुन्हा पस्तीस. शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली तरी गोल नाही. मग आमच्या गोलपुढे एकदम गर्दी झाली. पायांच्या जंगलातून चेंडू आला, आमच्या गोलरक्षकाच्या पॅडला लागला, आणि हळूच, अगदी मांजराच्या पावलांनी, रेषेच्या आत गेला. ०-१.

शिट्टी वाजली. हंगाम संपला.

आणि आम्ही काय केलं? आज लिहितानाही मला लाज वाटते. आम्ही गोलरक्षकावर तुटून पडलो. "पाय कशाले देले बे तुले देवानं?" असं आमच्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला आणि बाकीचे हसले. त्यात मीही होतो. परतीच्या एसटीत गोलरक्षक एकटाच पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला. पॅडची मोठी पिशवी मांडीवर. आम्ही मागे. यवतमाळ येईपर्यंत त्याच्याशी कुणीही बोललं नाही.

तो शेवटच्या वर्षाला होता. कॉलेजसाठी खेळलेला त्याचा हा शेवटचा सामना. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण तेव्हा आठवलं नाही.

आठातून सात

दुसऱ्या दिवशी आम्ही चहाच्या टपरीवर जमलो. विषय तोच. कुणामुळे हरलो? मुनीमनं न बोलता वही उघडून बाकावर ठेवली.

"हे पाहा. त्यांनी आपल्या गोलवर मारले आठ. आत गेला एक. अडवले सात. आपण त्यांच्या गोलवर मारले तीन. आत गेला एकही नाही. आता सांगा, कोणामुळे हारलो?"

कुणी काही बोलेना. चहा निवून गेला.

खरं सांगू का, त्या सातांपैकी मला एकही आठवत नव्हता! आत गेलेला एकच आठवत होता. डोळे तर सगळ्यांचे मैदानावरच होते. पण डोळ्यांनी पाहिलेलं सगळं मन लिहून ठेवत नाही. ते फक्त शेवटचं आणि दुखणारं तेवढं लिहून ठेवतं. गोलरक्षकाच्या वाट्याला हे जास्तच येतं. पुढचा खेळाडू दहा वेळा चुकला आणि एकदा गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलरक्षक दहा वेळा अडवतो आणि एकदा चुकतो, तर लोक त्याला ते एकच ऐकवतात.

त्याचं काम किती अवघड, तेही पाहा. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. चेंडू जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतका जड आणि टणक. गोलवर मारायचा तो डीच्या आतूनच, आणि डीची रेषा गोलपासून १४.६३ मीटरवर. म्हणजे लांबात लांब मार म्हटला तरी तो एवढ्याच अंतरावरून येतो. विचार करायला वेळ नाहीच. हात, पाय, छाती, जे पुढे येईल त्यानं अडवायचं.

रविवारी आम्ही सहा जण एसटीनं त्याच्या गावाला गेलो. दारव्ह्याच्या रस्त्यावर आत वळून त्याचं गाव होतं. तो शेतात होता, माय आणि बहिणीबरोबर कापूस वेचत. आम्हाला पाहून तो थांबला, पण काही बोलला नाही. त्याच्या मायनंच "या ना जी, बसा," म्हणत उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली पुढे सरकवली. आम्ही शेंगा सोलत बसलो. माफी कशी मागायची, हे काही केल्या सुचेना. शेवटी मुनीमनं वही काढली आणि ते पान नुसतं वाचून दाखवलं.

गोलरक्षक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सात? मले वाटलं, तीन-चार असतीन."

म्हणजे बघा, ज्यानं अडवले त्यालाही ते आठवत नव्हते! त्यालाही तो एकच आठवत होता.

सोळा संघ, पंधरा पराभव

आता एक सोपं गणित करू. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा संघ उतरले. पहिल्या फेरीत आठ सामने, मग चार, मग दोन, मग अंतिम सामना एक. एकूण पंधरा सामने. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो. म्हणजे सोळांपैकी पंधरा संघांचा हंगाम पराभवानं संपतो!

तुमच्या शाळेच्या स्पर्धाही बहुतेक अशाच असतात. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. कुठेतरी एक सामना हरलात की त्या वर्षापुरतं सगळं संपलं. कॉलेजांचंही तसंच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागाच्या स्पर्धेत जातो, तिथे चांगला खेळला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत. जितकं वर जावं तितकी वाट अरुंद.

हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत कॉलेजांची आइस हॉकी फार लोकप्रिय आहे. ती बर्फावर, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून खेळतात, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. कॉलेजाचा बँड सामन्याला येतो, विद्यार्थी घसा बसेपर्यंत ओरडतात. शेवटी निवडक सोळा संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. त्यातले शेवटचे चार 'फ्रोझन फोर', म्हणजे गोठलेले चार, या नावानं ओळखले जातात. एप्रिलमध्ये एक विजेता ठरतो. ही स्पर्धा १९४८ पासून चालू आहे.

तिथेही सोळा संघ आणि पंधरा पराभव! तिथेही खेळाडूंची कॉलेजातली वर्षं मोजकीच. मार्च-एप्रिलमध्ये तिथले पाठीराखेही आमच्यासारखेच खिन्न होऊन बसत असतील, नाही का? नव्या वर्षी संघाचं नाव तेच असतं, गणवेश तोच असतो, पण त्यातली काही मुलं पुन्हा त्या गणवेशात दिसत नाहीत.

तेव्हा हंगामाचा हिशेब नुसता 'जिंकलो की हरलो' एवढाच मांडला, तर जवळजवळ सगळ्यांच्या वहीत शून्यच येईल. मग त्यात आणखी काय लिहायचं? त्यासाठी आपल्या यवतमाळच्याच एका गोलरक्षकाची गोष्ट सांगतो.

यवतमाळचा आकाश

आकाश चिकटे हे नाव ऐकलंय? जन्म १९९२, यवतमाळचा. तो भारताच्या हॉकी संघाचा गोलरक्षक झाला.

२०१६ साली मलेशियात कुआंतान इथे आशियाई चॅम्पियन्स करंडक स्पर्धा होती. ३० ऑक्टोबरला अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. त्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन! भारताचा कर्णधार आणि मुख्य गोलरक्षक श्रीजेश दुखापतीमुळे खेळू शकला नाही. गोलमध्ये उभा राहिला आकाश. भारतानं तो सामना ३-२ असा जिंकला.

पण मला सांगायची आहे ती पुढच्या वर्षीची स्पर्धा. डिसेंबर २०१७. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर जागतिक हॉकी लीगची अंतिम स्पर्धा होती. जगातले आठ संघ. श्रीजेश गुडघ्याच्या दुखापतीनं संघाबाहेर. भारताचे दोन्ही गोलरक्षक महाराष्ट्राचे: यवतमाळचा आकाश आणि मुंबईचा सूरज करकेरा.

सुरुवात कशी झाली? ऑस्ट्रेलियाशी १-१ बरोबरी. इंग्लंडकडून २-३ पराभव. जर्मनीकडून ०-२ पराभव. तीन सामन्यांत एकच गुण, आणि गटात भारत शेवटचा! बाद पद्धत असती तर भारत केव्हाच घरी गेला असता. पण या स्पर्धेत आठही संघ उपांत्यपूर्व फेरीत खेळणार होते. गटात शेवटचा म्हणून भारतासमोर आला बेल्जियम. हा संघ आदल्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवून आला होता.

६ डिसेंबरला तो सामना झाला. भारतानं आधी २-० अशी आघाडी घेतली. बेल्जियमनं ती फेडली. भारत पुन्हा पुढे गेला, बेल्जियमनं पुन्हा गाठलं. ३-३! मग शूटआउट.

शूटआउट म्हणजे काय ते सांगतो. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो. समोर फक्त गोलरक्षक. वेळ फक्त ८ सेकंद. तेवढ्यात खेळाडूनं हवं तसं चकवायचं आणि गोल करायचा. दोन्ही बाजूंचे पाच-पाच खेळाडू आळीपाळीनं येतात. तरी बरोबरी राहिली तर एकेक करून पुढे चालू. गोलरक्षकाला मदतीला कुणी नाही, लपायला जागा नाही.

त्या दिवशी आकाश बेल्जियमच्या खेळाडूंना पुरून उरला. पाच-पाच फेऱ्या झाल्या तरी निकाल लागेना. एकेकाच्या फेरीत भारताचा गोल झाला, आणि बेल्जियमचा खेळाडू आला तेव्हा आकाशनं त्याला थोपवलं. शूटआउट ३-२. गटात शेवटचा आलेला भारत उपांत्य फेरीत!

पुढे उपांत्य फेरीत भर पावसात अर्जेंटिनानं भारताला १-० असं हरवलं. मग कांस्यपदकासाठी जर्मनीशी सामना. भारतानं तो २-१ असा जिंकला.

आता मुनीमची वही आठवा. वहीत 'कांस्यपदक' एवढंच लिहिलं तर हिशेब पुरा होईल का? नाही. मुनीम आणखी एक ओळ लिहील. त्या दिवशी जर्मनीचे काही खेळाडू आजारी होते. माणसं इतकी कमी पडली की त्यांनी आपला राखीव गोलरक्षक मार्क अप्पेल याला पॅड न घालता पुढच्या फळीत खेळवलं. आणि जर्मनीचा एकमेव गोल कुणी केला असेल? त्या अप्पेलनंच!

ही ओळ लिहिल्यानं भारताचं पदक लहान होतं का? मुळीच नाही. पण समोरचे किती अडचणीत असताना लढले, हेही कळतं. आपला हिशेब खरा हवा, आणि खऱ्या हिशेबात समोरच्याचंही खातं असतं.

खोडायची नाही अशी नोंद

आकाशची गोष्ट इथेच थांबवली असती तर ती छान गोड झाली असती. पण वहीतलं पान फाडायचं नाही, असा मुनीमचा नियम. तेव्हा पुढचंही सांगतो.

२०१८ च्या सुरुवातीला बंगळूरूच्या राष्ट्रीय शिबिरात खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्या झाल्या. आकाशच्या चाचणीत बंदी असलेला एक पदार्थ सापडला. पायाच्या दुखापतीवर घेतलेल्या औषधातून तो शरीरात गेला, असं त्याचं म्हणणं होतं. पण याबाबतीत जगभर एकच कडक नियम आहे. आपल्या शरीरात काय जातं, याची जबाबदारी खेळाडूची स्वतःचीच. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्याच वर्षाअखेरीस भुवनेश्वरलाच विश्वचषक झाला. ज्या मैदानानं त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्या मैदानावर तो नव्हता.

आता सांगा, पाठीराख्यांनी काय करायचं? काही जण म्हणतील, "सोडा हो, आपला माणूस आहे, ते नका सांगू." काही जण म्हणतील, "मग ते बेल्जियमचं कौतुक कशाला? तेही खोडून टाका."

मला वाटतं, दोघांचाही हिशेब चुकतो. ६ डिसेंबर २०१७ ला जे झालं ते झालं. ते खोडता येत नाही. २०१८ साली जे झालं तेही झालं, तेही झाकता येत नाही. शेतकऱ्याच्या वहीत भरघोस पिकाचं वर्षही असतं आणि बोंडअळीनं खाल्लेलं वर्षही असतं. दोन्ही पानं एकाच वहीत, एकाच शाईत. म्हणून तर ती वही पुढच्या पेरणीला उपयोगी पडते.

आणि या पानाचा उपयोगही आहेच. तुमच्यापैकी जी मुलं-मुली मोठ्या स्पर्धांत खेळतात, त्यांनी एक सवय लावून घ्यावी. दवाखान्यात गेलात की डॉक्टरांना आधी सांगायचं, "मी खेळाडू आहे. या औषधात बंदी असलेलं काही नाही ना?" गोळी असो, मलम असो की ताकदीची पावडर असो, मोठ्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

निरोप सगळ्यांनाच मिळत नाही

८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतानं स्पेनला २-१ असं हरवून कांस्यपदक मिळवलं. तो श्रीजेशचा शेवटचा सामना. साऱ्या देशानं त्याला निरोप दिला. हॉकी इंडियानं तर त्याचा १६ क्रमांकाचा गणवेश वरिष्ठ संघात पुन्हा कुणाला द्यायचा नाही, असं ठरवलं. केवढा मान!

पण दरवर्षी आपल्या जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांत कितीतरी मुलं-मुली आपला शेवटचा सामना खेळतात. कुणी पुढे नोकरीला लागतं, कुणी शेतीत, कुणी दुसऱ्या गावी शिकायला जातं. त्यांच्यासाठी ना हार, ना भाषण. बऱ्याचदा तो सामना हरलेलाच असतो, कारण गणित आपण पाहिलंच: सोळात पंधरा! त्यांना निरोप द्यायचं काम कुणाचं? बाहेर उभ्या असलेल्या अकरांचं. दुसरं कोण देणार?

तुमची वही

तर दोस्तांनो, या वर्षी तुमच्या शाळेचा संघ खेळेल तेव्हा एक वही घ्या. हॉकी असो, खो-खो असो, कबड्डी किंवा फुटबॉल असो. फार काही नको. चार रकाने पुरेत.

पहिला रकाना: काय झालं. तारीख, समोरचा संघ, निकाल.

दुसरा रकाना: निकालात न दिसणारं काय झालं. गोल कुणी अडवले? पास कुणी दिला? पडलेल्या खेळाडूला हात कुणी दिला? सामना होण्याआधी मैदानावर चुन्याच्या रेषा कुणी मारल्या?

तिसरा रकाना: समोरच्यांचं काय चांगलं होतं. हा रकाना रिकामा ठेवायचा नाही! कुणी तुम्हाला हरवलं असेल तर त्यांच्याकडे काहीतरी चांगलं असणारच.

चौथा रकाना: हा ज्यांचा शेवटचा हंगाम, त्यांची नावं. त्यांना आपण काय म्हणालो, तेही लिहा. काही म्हणालो नसू तर अजून वेळ गेलेली नाही.

आणि आईबाबा, हा लेख तुम्हीही वाचत असाल तर एक विनंती. पोरगी सामना खेळून घरी आली की दारातच "जिंकलात का?" असं विचारू नका. आधी पाणी द्या. मग विचारा, "आज काय काय झालं?" बघा, ती कितीतरी सांगेल. निकाल त्यात आपोआप येईलच.

हो, एक राहिलंच. त्या रविवारी तुरीच्या शेंगा संपल्या, आम्ही निघायला उठलो, तेव्हा आमच्या गोलरक्षकानं एकच प्रश्न विचारला. "औंदा नाही झालं. पण पुढच्या साली गोलमधी कोण उभा राहीन?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. याचा विचार कुणीच केला नव्हता! मग पहिल्या वर्षाला असलेल्या एका उंच पोराचं नाव मुनीमनं सांगितलं. "त्याले रविवारी मैदानावर आणा," गोलरक्षक म्हणाला. "कापसाचं आटपलं की मी येतो."

फेब्रुवारीत वेचणी आटपली आणि तो खरंच आला. पॅड कॉलेजाचे होते, ते परत द्यायचे होते. त्यानं ते स्वतःच्या हातानं त्या नव्या पोराच्या पायांना बांधले, पट्टे ओढून घट्ट केले, आणि गोलपासून दहा पावलांवर जाऊन हातात काठी घेऊन उभा राहिला.

मुनीमनं वहीचं नवं पान उघडलं आणि वर तारीख घातली.